चटणीचं भांडं की हातचक्की? घरच्या कडक कॉफीचा हिशोब

शेंगाचटणी उखळातली की मिक्सरमधली, हे सोलापुरातलं जुनं माणूस चिमूटभर तोंडात टाकून सांगतं. कुटलेल्या चटणीला तेल सुटलेलं असतं, ती बोटाला धरते, मिक्सरची भुरभुरते. 'कॉफीच्या बिया घरी दळायच्या म्हणतोय, काय घेऊ?' असं कुणी विचारलं की मी चटणीपासूनच सुरुवात करतो.

मिक्सरचं पातं बी फोडतं. एकाच भांड्यात काही बियांचा भुगा होतो, काहींचे नुसते तुकडे. गरम पाणी पडलं की भुग्यातलं सगळं, नको ते कडूसुद्धा, उतरतं आणि तुकडे आतून तसेच राहतात. म्हणून मिक्सरची कॉफी एकाच घोटात कडूही लागते आणि पांचटही. हातचक्की म्हणजे छोटं जातंच. दोन दातेरी शंकू, त्यांच्यामध्ये ठरलेली फट. त्या फटीतून जाण्याइतका बारीक झाल्याशिवाय दाणा खाली पडत नाही. फट कमी-जास्त करायला चकती असते, ती टिकटिक करत फिरते. आपली खूण किती टिकटिकवर आहे ते एकदा लक्षात ठेवलं की रोजची दळण सारखी येते.

पण आधी हे पाहा की दळायची गरज तरी आहे का. जुन्या ज्वारीच्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. कॉफीच्या पुडीचंही असंच होतं. भाजलेल्या बीमध्ये वास आणि कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, दळल्याबरोबर दोन्ही सुटायला लागतात. ताज्या पुडीवर गरम पाणी ओतलं की ती फसफसून फुगते, शिळी चिखलासारखी बसून राहते. तरीही घरात चार-पाच जण दोन्ही वेळा पिणारे असतील आणि पाव किलो पूड आठवडाही टिकत नसेल, तर दुकानातूनच 'फिल्टरसाठी' दळून आणा. ज्याची पुडी महिनाभर पुरते, त्याने मात्र बियाच घ्याव्यात.

मिक्सरवर मी बरेच दिवस काढले. पहिल्यांदा चटणीच्या भांड्यात दळली. भांडं दोनदा घासलं होतं, तरी झाकणाच्या रबरात लसूण दबा धरून बसला होता. पाहुण्यांनी शहाण्यासारखा अर्धा कप तसाच ठेवला. मिक्सरच वापरायचा असेल तर छोटं भांडं फक्त कॉफीसाठी ठेवा, एका वेळी 20-25 ग्रॅमच घाला, दोन-तीन सेकंदांचे झटके द्या आणि मध्ये भांडं हलवा. सलग फिरवलंत तर पूड तापते आणि वास भांड्यातच उडून जातो. शेवटी चहाच्या गाळणीने चाळून घेतली तर निम्मा फरक भरून निघतो. खर्च शून्य.

हातचक्कीत सिरॅमिक दात्यांची साधारण हजार-दीड हजारापासून मिळते, स्टीलच्या दात्यांची तीन हजारांच्या पुढे. स्वस्तातली मी ऑनलाइन मागवली होती. चौथ्या महिन्यात तिचा दांडा नुसताच गरगर फिरायला लागला. स्टीलची घ्या, वीज गेली तरी चालते. हातचक्कीत तांदूळ घालून साफ करायला मात्र जाऊ नका, तो उद्योग मिक्सरपुरताच ठीक. विजेच्या चक्कीबद्दल एवढंच म्हणेन, की दोन माणसांच्या घरात तिचे पैसे वसूल होत नाहीत.

आता 'कडक' म्हणजे काय? सोलापुरात या एका शब्दाचे तीन अर्थ होतात. कुणाला तरतरी हवी असते. ती कॅफीनमधून येते. रोबस्टा आणि अरेबिका या कॉफीच्या दोन जाती, रोबस्टामध्ये कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं, तेव्हा मिश्रणात थोडा रोबस्टा घ्यावा. कुणाला दाट, काळपट कॉफी हवी असते. ती चिकोरीने, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळांच्या पुडीने होते, पण चिकोरीत कॅफीन नसतं. चिकोरीमिश्रित पुडीत 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, म्हणून पाकीट उलटं करून वाचा. तिसरे लोक कडूलाच कडक म्हणतात आणि पूड उकळत ठेवतात. त्यांच्यासाठी चक्की घेणं वाया आहे. खरी कडक कॉफी हवी असेल तर पूड वाढवा आणि पाणी कमी करा; वेळ वाढवून कडूपणाच वाढतो.

कॉफी करायचं भांडं कोणतं, यावर दळण्याचा निर्णय अवलंबून आहे. पितळी किंवा स्टीलचा दोनमजली फिल्टर सगळ्यांत समजूतदार. 20 ग्रॅम पूड, बारीक रव्याइतकी. वरून चकतीने हलकीच दाबायची, 100 मिली गरम पाणी, पंधरा-वीस मिनिटं थेंब थेंब. त्या अर्कात दुपटीने दूध गेलं की मिक्सरच्या दळणातल्या चुका बऱ्यापैकी झाकल्या जातात. फ्रेंच प्रेसला, म्हणजे पूड पाण्यात भिजवून जाळीचा दट्ट्या खाली दाबायच्या भांड्याला, जाड रवा लागतो, 30 ग्रॅमला 450 मिली पाणी आणि चार मिनिटं. तिथे मिक्सरचा भुगा जाळीतून सुटून तळाशी गाळ होतो. शिवाय ही कॉफी पातळ, कडकवाल्यांचं समाधान होत नाही.

मोका पॉट 1933 साली इटलीत अल्फोन्सो बियालेत्तीने आणला. वाफेच्या दाबाने पाणी पुडीतून वर चढतं. दाब दीड बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास, कॅफेतल्या एस्प्रेसो यंत्रात तो 9 बार असतो. तरी दूध न घालता कडक पिणाऱ्याला याच्याइतकं स्वस्त साधन नाही. पण दळण इथे अगदी नेमकं लागतं. मी मिक्सरची पूड दाबून भरली होती. पाणी वर चढेना, जोडावरून वाफ फिसफिसायला लागली आणि गॅस घाईने बंद करावा लागला. पूड काठोकाठ भरायची, दाबायची नाही, आच मंद ठेवायची, गुरगुर सुरू झाली की उतरवायचं. घेताना दोन गोष्टी बघा: ॲल्युमिनियमचा मोका इंडक्शनवर चालत नाही, आणि डब्यावरचे 'तीन कप' म्हणजे आपला एकच मोठा कप.

बोअरचं क्षाराचं पाणी यातल्या कशातच घालू नका, चव मंदावते आणि भांड्यात पांढरा थर बसतो. मे महिन्यात पारा 42 ओलांडतो, तेव्हा बिया ओट्यावर न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या कपाटात ठेवाव्यात. फ्रिजमधून रोज आत-बाहेर केल्या तर त्यांना ओल धरते.

दूध घालून पिणार असाल तर फिल्टर आणि मिक्सरचं वेगळं भांडं पुरे; उरलेले पैसे चिकमगळूर किंवा कोडगूच्या (कूर्गच्या) चांगल्या बियांवर घाला. बेंगळुरूहून रेल्वेने कुणी ना कुणी येतच असतं, त्याला सांगून ठेवा. बिनदुधाची, मोकाची पिणार असाल तर स्टीलची हातचक्की घ्याच. आणि दोन्ही बाबतींत, चक्कीच्याही आधी, तीन-चारशे रुपयांचा ग्रॅमचा वजनकाटा आणा. माझा चमचा कधी 5 ग्रॅम घ्यायचा, कधी 8. सहा महिने मी त्याचा दोष बियांना देत होतो.