बँड, घड्याळ, छातीचा पट्टा की साधा गुणाकार: कॅलरीचा आकडा कोणाचा धरायचा?

तालुक्याच्या मैदानावर पहाटे १६०० मीटरची तयारी करणारी भरतीची पोरं, डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलेले शुगरचे पेशंट आणि दिवसभर वावरात राबणारी माणसं, या तिघांच्याही मनगटावर आता बँड दिसतो. तिघांनाही तो संध्याकाळी कॅलरीचा आकडा दाखवतो. पण धावणाऱ्याचा आकडा थोडाफार कामाचा असतो, चालणाऱ्याचा त्याहून कमी, आणि वावरात राबणाऱ्याचा जवळजवळ निरुपयोगी. दीड हजाराचा बँड घ्यायचा की वीस हजारांचं घड्याळ, हे ठरवण्याआधी असं का होतं ते समजून घ्यायला हवं.

यातलं कोणतंही यंत्र कॅलरी मोजत नाही. खरी मोजणी प्रयोगशाळेत होते. तिथे तोंडाला मास्क लावून शरीराने किती ऑक्सिजन वापरला ते पाहतात. एक लिटर ऑक्सिजन म्हणजे साधारण ५ कॅलरी (बोलण्यातली कॅलरी, म्हणजे किलोकॅलरी). मनगटावरचं यंत्र हाताची हालचाल आणि नाडी पाहतं, त्यात तुम्ही भरलेलं वय, वजन, उंची आणि स्त्री की पुरुष ही माहिती मिसळतं आणि अंदाज काढतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ६० जणांवर ७ यंत्रं तपासली. सातपैकी सहा यंत्रांची नाडीतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सर्वांत बऱ्या यंत्राची सरासरी चूक २७ टक्के आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के निघाली. ती मॉडेलं आता जुनी झाली, पण अंदाज बांधण्याची रीत तीच आहे. म्हणून पैसे मोजायचे ते नाडी आणि अंतरासाठी. कॅलरी सोबत येते, एवढंच.

खिशातला फोन

फुकटचं ॲप पावलं मोजतं, नाडी त्याला कळत नाही. सपाट डांबरी रस्त्यावर एका चालीने चालणाऱ्याला ते पुरतं. चढ लागला की मात्र गडबड होते. ताशी ५ किलोमीटरने सपाटीवर चालताना जेवढा ऑक्सिजन लागतो, त्याच्या दीडपटीहून जास्त तो १०० मीटरला ५ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर लागतो. पावलं मात्र तेवढीच पडतात. मेळघाटातल्या घाटरस्त्यावर चालणाऱ्याने पावलांवरून काढलेली कॅलरी धरूच नये. सायकलवर पावलंच नसतात, त्यामुळे ॲपमध्ये ‘सायकलिंग’ निवडलं नाही तर हिशेब कोराच राहतो. फोनचं जीपीएस मात्र चांगलं असतं आणि रेंज नसली तरी चालतं. फक्त नकाशा उघडत नाही.

स्वस्त बँड आणि महाग घड्याळ

बँड साधारण दीड ते साडेतीन हजारांत मिळतो, जीपीएसचं चांगलं घड्याळ पंधरा हजारांच्या पुढे. नाडी दोघंही एकाच पद्धतीने पाहतात. खालचा हिरवा प्रकाश कातडीत शिरतो आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेनुसार कमी-जास्त परततो. घड्याळाचा सेन्सर सहसा सरस असतो, पण चुकण्याची कारणं दोघांची सारखीच आहेत.

पट्टा ढिला असला की आत बाहेरचा उजेड शिरतो आणि यंत्र घसरतं. व्यायामापुरता तो मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटं वर, घट्ट पण रुतणार नाही असा बांधा. मनगटावर गोंदण असेल तर दुसऱ्या हातात घाला, कारण शाई प्रकाश शोषून घेते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हात गारठलेले असताना कातडीकडे रक्त कमी जातं, म्हणून पहिली पाच-सात मिनिटं आकडे भरकटतात. अंग गरम झाल्यावरच नोंद सुरू करा. सगळ्यात फसवी चूक पळताना होते: यंत्र पावलांच्या ठेक्यालाच नाडी समजतं. सावकाश पळतानाही १७० च्या आसपास नाडी दिसली आणि तुम्ही आरामात बोलू शकत असाल, तर ती पावलं आहेत. थांबून पट्टा वर सरकवा आणि परत बांधा.

महाग घड्याळाचा खरा फायदा अंतर आणि वेगात आहे. पांदण रस्त्याने पळणाऱ्याला, फोन घरी ठेवून निघणाऱ्याला ते उपयोगी पडतं. काहींमध्ये हवेच्या दाबावरून उंची मोजणारा सेन्सर असतो, त्यामुळे चढही धरला जातो. पण मैदानावर ठरलेल्या फेऱ्याच मारायच्या असतील तर अंतर आधीच ठाऊक असतं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या म्हणजे १६००. त्यासाठी पंधरा हजार घालू नका. बूट चांगले घ्या.

छातीचा पट्टा

तो हृदयाचे विद्युत ठोके थेट टिपतो, म्हणून वेग एकदम वाढला-उतरला तरी मागे पडत नाही. किंमत बँडच्या वर आणि घड्याळाच्या खाली. घालण्याआधी त्याचे संपर्काचे भाग पाण्याने ओले करावे लागतात. कोरडा घातला तर घाम येईपर्यंत काहीबाही दाखवतो. वापरून झाल्यावर धुवा, नाहीतर घामाच्या मिठाने तो लवकर खराब होतो.

तरीही कॅलरीत तो जादू करत नाही, कारण अचूक नाडीवरून काढलेला अंदाजही अंदाजच. १०० मीटर धाव आणि गोळाफेक यांत तर नाडीवरून कॅलरी काढणं मुळातच चूक आहे. जोर काही सेकंदांत लागून संपतो, नाडी त्यानंतर चढते आणि तुम्ही उभे असतानाही चढलेलीच राहते.

कागद-पेन्सिलचा हिशेब

सपाटीवर पळताना, बसून राहिलो असतो तरी जळाल्या असत्या त्या कॅलरी वगळल्या तर, वजनाच्या दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण १ कॅलरी लागते. ६० किलोचा मुलगा ५ किलोमीटर पळाला की ३०० कॅलरी. तो अर्ध्या तासात पळो की पस्तीस मिनिटांत, आकडा फारसा हलत नाही. वेगामुळे मिनिटाची कॅलरी वाढते, पण मिनिटं कमी होतात. मध्यम चालीने चालताना हाच दर जवळपास निम्मा धरा: ७० किलोचा माणूस ५ किलोमीटर चालला की १७५.

आमच्या मते, सपाट रस्त्यावर पळणाऱ्या-चालणाऱ्यासाठी हा गुणाकार बँडच्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाचा आहे. तो उष्म्याने, ढिल्या पट्ट्याने बिघडत नाही. बँडचा आकडा याच्याशी ताडताना एक पाहा: काही ॲप बसल्या जागी जळणाऱ्या कॅलरीही मिळवून ‘एकूण’ दाखवतात, काही फक्त ‘ॲक्टिव्ह’. सत्तर किलोच्या माणसाच्या तासाभराच्या चालण्यात या दोहोंत ७० च्या आसपास कॅलरींचा फरक पडतो. दोन मित्रांचे बँड जुळत नाहीत, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

उन्हाळा आणि नाडी

विदर्भात हा मुद्दा सगळ्यांत जड आहे. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. उन्हात अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं आणि तेवढ्याच कामाला नाडी वाढते. यंत्राला वाटतं मेहनत वाढली. नाडीवरून कॅलरी काढणारं २००५ चं एक समीकरण बरंच वापरलं जातं. त्यात पुरुषांसाठी नाडीच्या प्रत्येक जादा ठोक्याला मिनिटामागे ०.६३ किलोज्यूल, म्हणजे साधारण ०.१५ कॅलरी, वाढतात. म्हणजे उन्हामुळे नाडी १० ने चढली की मिनिटाला दीड आणि तासाला ९० कॅलरी फुकटच्या. सकाळी साडेपाचला आणि नऊला तीच धाव वेगळी दिसते, ती यामुळे. ताप, अपुरी झोप, पाणी कमी पिणं यांनीही हेच होतं.

याच्या उलट, बीपीसाठी ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्याची नाडी गोळीमुळेच कमी राहते, म्हणून यंत्र कॅलरी कमी दाखवतं. आकडा वाढावा म्हणून त्यांनी जोर करू नये. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढी चाल बरी.

वावरातलं काम

इथे मनगटावरचं यंत्र सपशेल फसतं. डवऱ्याच्या मागे माणूस दिवसभर चालतो, पण हात रुमण्यावर (डवऱ्याच्या मुठीवर) धरलेला असल्याने पावलं कमी मोजली जातात. कापूस वेचताना उलट: पाय जवळजवळ जागच्या जागी आणि हात सतत चालू. १६ लिटरचा भरलेला फवारणी पंप पाठीवर आहे, डोक्यावर गवताचा भारा आहे, हे वजन यंत्राला कधीच कळत नाही. फवारणीच्या वेळी तर बँड काढूनच ठेवा. औषध पट्ट्याखाली साचून कातडीला लागून राहतं.

अशा श्रमांसाठी राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे आकडे जास्त उपयोगी आहेत: जड काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ३४७० कॅलरी, ५५ किलोच्या स्त्रीला २७२०. बसून काम करणाऱ्यांसाठी हेच आकडे २११० आणि १६६० आहेत. बँडवर दोन हजार दिसले म्हणून वेचणीला जाणाऱ्या बाईने दुपारची भाकर कमी करणं अजिबात योग्य नाही.

वजन उतरवणाऱ्याचा धोका उलट बाजूचा. बँडने ४०० दाखवल्या, खऱ्या २७५ होत्या आणि ४०० च्या हिशेबाने दोन भाकरी जास्त खाल्ल्या (६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकर म्हणजे साधारण २००), तर तेवढं चालूनही वजन उतरायचं नाही, वाढेलच. व्यायामाच्या कॅलरी जेवणात परत मिळवू नका. त्यापेक्षा एकाच काट्यावर, सकाळी उठल्यावर, आठवड्यातून दोनदा वजन करा. तीन-चार आठवड्यांचा कल बँडपेक्षा खरा असतो.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात

ॲपमध्ये वजन किलोतच भरलंय ना ते पाहा. पाउंड निवडलेलं राहिलं तर ६० किलोचा माणूस यंत्राला २७ किलोचा वाटतो. घड्याळ कोणत्या हातात आहे तेही सेटिंगमध्ये कळवा. मग तीन सकाळी त्याच वेळी, त्याच रस्त्याने, त्याच वेगाने तेवढंच अंतर जा. तिन्ही आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत असतील, तर यंत्र निदान स्वतःशी प्रामाणिक आहे, आणि या महिन्याची मेहनत मागच्या महिन्याशी ताडायला तेवढं पुरतं. थांबल्याबरोबर दोन बोटांनी मनगटाची नाडी १५ सेकंद मोजा, चारने गुणा आणि पडद्याशी ताडा. पट्टा नीट बांधूनही दर वेळी १० हून जास्त ठोक्यांचा फरक येत असेल, तर परत करण्याची मुदत संपण्याआधी ते यंत्र बदलून घ्या.