रोमन नाणं सोन्यात बसवायचंय: अंगठी की पदक?

नाणं घेऊन झालंय, पण सोनाराला नक्की काय सांगायचं यावर गाडी अडलीय, अशांसाठी हे लिहितोय. मी एकच नाणं आधी अंगठीत आणि दोन वर्षांनी पदकात बसवून घेतलं, म्हणून दोन्हींबद्दल बोलतो.

आमचं नाणं म्हणजे धाकट्या फॉस्टिनाचा चांदीचा दिनारियस. ही सम्राट मार्कस ऑरेलियसची राणी. इ.स. 161 मध्ये तिला जुळे मुलगे झाले, त्यातला एक पुढे सम्राट कमोडस झाला. त्या आनंदात हे नाणं पाडलं. एका बाजूला तिचा चेहरा, केस मागे ओढून बांधलेला अंबाडा. दुसऱ्या बाजूला आसनावर ठेवलेली दोन तान्ही बाळं आणि भोवती ‘युगाचं सौख्य’ अशा अर्थाची अक्षरं. आमच्याकडेही जुळीच, त्यामुळे लंडनमधल्या एका नाणेविक्रेत्याकडे ते दिसलं तेव्हा हातातून खाली ठेववेना.

तेव्हा बायको अंगठी रोज घालायची, पदक सणासमारंभालाच. म्हणून अंगठी केली. अंगठीचं सुख खरंच मोठं आहे: घालणाऱ्याला ती स्वतःला दिसते. पदक समोरच्याला दिसतं, आपल्याला आरशात. बसमध्ये, फोनवर बोलताना ती हळूच फॉस्टिनाच्या गालावरून अंगठा फिरवायची, ते मला फार आवडायचं.

पण हात म्हटला की काम आलं. कणीक मळली की कोंदणाच्या कडेला पीठ बसायचं, मग साबण, मग टाचणीने ते कोरून काढणं. दोन वर्षांत अंबाड्यावरच्या बारीक रेघा गुळगुळीत झाल्या. मोजमाप मी केलेलं नाही, पण बसवण्याआधीचा फोटो शेजारी धरला की फरक कळतो. अठराशे वर्षं टिकलेलं काम आपल्या ओट्यावर झिजावं, हे मनाला लागतं.

तरी तेवढ्यावरून मी अंगठी मोडली नसती. खरी बोच वेगळीच होती: अंगठीचं कोंदण मागून बंद होतं. ज्या दोन बाळांसाठी नाणं घेतलं, ती सोन्याखाली गाडली गेली. मुलींनी एकदा विचारलं, ‘बाबा, ती बाळं कुठे आहेत?’ आणि मला फोनवरचा फोटो दाखवावा लागला. मागून उघडी अंगठीही करता येते, पण मग घाम आणि साबण थेट मागच्या बाजूला लागतो, आणि ती पाहायला अंगठी काढावीच लागते.

पदकात दोन्ही बाजू उघड्या राहतात. आमच्या कारागिराने 22 कॅरेटची पातळ पट्टी नाण्याच्याच आकारावर वळवली, कारण ही नाणी अगदी गोल कधीच नसतात. झाळकाम सगळं आधी उरकलं, नाणं शेवटी ठेवून कड हलकेच दाबली. नाण्याला आच लावू देऊ नका आणि जोरही देऊ देऊ नका. इतकी वर्षं मातीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ असू शकते. नाण्यालाच कडी डागायला तर साफ नाही म्हणा. दक्षिण भारतात सापडलेल्या कितीतरी रोमन सोन्याच्या नाण्यांना ओवण्यासाठी भोकं पाडलेली आहेत, ती पाहून हळहळ वाटते. खुद्द रोमन लोक चौकट करायचे. ब्रिटिश म्युझियममध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनचं 321 सालचं दुहेरी सॉलिडस (सोन्याचं रोमन नाणं) जाळीदार षट्कोनी सोन्यात बसवलेलं आहे, तेही पदकच.

पदकाची कटकट म्हणाल तर ते उलटतं. आणि रोमन नाण्याचा छापा-काटा बऱ्याचदा एकमेकांच्या उलट दिशेने असतो. आमचंही तसंच: पदक साखळीवर फिरलं की बाळं डोक्यावर उभी. खालची कड धरून वर उलटवलं की सरळ. तुमचं नाणं कसं आहे ते कडी कुठे लावायची हे ठरण्याआधी पाहून घ्या, नंतर इलाज नाही.

दोन्हीत सारखी काळजी एकच. कोंदणात गेलं की नाण्याची कड दिसत नाही, आणि ओतून केलेल्या नकलेचा सांधा बहुतेकदा कडेलाच सापडतो. म्हणून आधी वजन करा, कडेसकट फोटो काढा, पावती जपा.

मागची बाजू झिजून सपाट झाली असेल, किंवा घरकामाच्या वेळी अंगठी काढून ठेवायची सवय असेल, तर अंगठी जरूर करा, शोभते. ऑरियस, म्हणजे सोन्याचं रोमन नाणं, असेल तर मात्र मी दोनदा विचार करीन, ते आणखी नरम.

आमच्याकडे पदक आता सणाची वाट पाहत नाही, रोजच गळ्यात असतं. रात्री झोपताना मुली ते खालून वर उलटवतात आणि यातली मी कुठली, यावरून भांडतात.