लॅम्डा कॅल्क्युलस आधी की कॅटेगरी थिअरी?

हॅस्केलसारख्या, फंक्शनं जोडत कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅमिंग भाषेत थोडा हात बसला की त्यामागचं गणित वाचावंसं वाटू लागतं. सुरुवात कुठून करायची? माझं मत आधीच सांगतो: बहुतेकांनी लॅम्डा कॅल्क्युलसपासून.

अलॉन्झो चर्च यांनी १९३०च्या दशकात, आजच्यासारखे संगणक येण्याआधीच, मांडलेल्या या पद्धतीत तीनच गोष्टी आहेत: चल, फंक्शन तयार करणं आणि फंक्शन लावणं. आकडेसुद्धा नाहीत. २ म्हणजे ‘दिलेलं फंक्शन दोनदा लाव’. अशा आकड्यांची बेरीज कागदावर सहज जमते, एक वजा करताना मात्र घाम फुटतो. ती युक्ती चर्च यांचे विद्यार्थी स्टीफन क्लीनी यांना अक्कलदाढा काढून घेताना सुचली, असं त्यांनीच सांगितलं होतं! पूर्वतयारी जवळपास काही लागत नाही, आणि करिंग (अनेक इनपुट एकेक करून घेणं), रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) यांचं मूळ दिसतं. रोजच्या कोडमध्ये थेट वापरावं असं मात्र त्यात फार नाही.

कॅटेगरी थिअरीचं, म्हणजे वस्तू आणि त्यांना जोडणाऱ्या बाणांच्या गणिताचं, उलट आहे: तयारी जास्त लागते, पण कोडमध्ये उपयोग होतो. आयलेनबर्ग आणि मॅक लेन यांनी १९४५ साली ती मांडली तेव्हा डोळ्यांसमोर टोपॉलॉजी (आकारांचं गणित) होती. मोनाड (छापणं, चूक हाताळणं अशा परिणामांसह येणाऱ्या पायऱ्या जोडण्याची रचना) प्रोग्रॅमच्या अर्थाच्या गणितात आणले ते यूजिनिओ मोज्जी यांनी, १९८९ मध्ये. कॅटेगरी थिअरी कामाला येते तिच्या नियमांमुळे. यादीतली प्रत्येक संख्या एका फेरीत दुप्पट केली आणि दुसऱ्या फेरीत तिच्यात एक मिळवला, किंवा दोन्ही एकाच फेरीत उरकलं, तरी उत्तर तेच. हा फंक्टरचा, म्हणजे यादीसारख्या ज्या रचनेतल्या प्रत्येक घटकावर फंक्शन लावता येतं तिचा, नियम. त्याच्या भरवशावर कंपायलर दोन फेऱ्यांची एक करू शकतो. पण ही दोन्ही फंक्शनं मधेच स्क्रीनवर काही छापत असतील तर छापण्याचा क्रम बदलतो. शुद्ध (फक्त उत्तर देणाऱ्या, बाहेर काही न करणाऱ्या) फंक्शनचा एवढा आग्रह का, ते इथे कळतं.

अडचण उदाहरणांची आहे. ग्रुप, व्हेक्टर स्पेस या बीजगणितातल्या रचना कधी हाताळल्याच नसतील तर व्याख्या पाठ होतात, हाती काही लागत नाही. अमूर्त बीजगणित शिकलेल्यांनी खुशाल इथूनच सुरू करावं. बाकीच्यांनी आधी पाच-सहा मोनाड वापरावेत. नुसता लेख वाचून मोनाड समजलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

सिद्धतांची ओढ असेल तर टाइप थिअरी, म्हणजे प्रत्येक पदाला टाइप (प्रकार) देणारं गणित. करी आणि हॉवर्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संबंधानुसार, ‘अ’ घेऊन ‘ब’ देणारं फंक्शन म्हणजे ‘अ असेल तर ब’ याची सिद्धता. फक्त हे हॅस्केलमध्ये करू नका. तिथे कधीच न संपणारं फंक्शन कुठल्याही टाइपमध्ये बसतं, म्हणजे काहीही ‘सिद्ध’ होतं. ॲग्डा, कॉक (आता नाव रॉक), लीन या सिद्धता लिहिण्याच्या भाषा फंक्शन संपेल याची हमी मागतात. जॉर्ज गॉन्टिए यांनी चार रंगांच्या प्रमेयाची (शेजारचे प्रदेश वेगळे दिसतील असा कुठलाही नकाशा रंगवायला चार रंग पुरतात) सिद्धता २००५ मध्ये कॉकमध्येच तपासून घेतली. आणि टाइप थिअरीचं कुठलंही पुस्तक उघडलं तरी सुरुवातीच्या पानांवर लॅम्डा कॅल्क्युलस भेटतंच.