कंपवाताची डायरी ठेवणारं ॲप: थरथरीला फुल मार्क, मूडला काठावर पास

बाबांना पार्किन्सन्स आहे, म्हणजे कंपवात. गोळ्या आणि लक्षणं लिहून ठेवायला चार महिने एक ॲप वापरतोय, नाव देत नाही कारण पुढे तक्रारच जास्त आहे.

आधी चांगलं सांगतो. अलार्म दणदणीत, बटणं एवढी मोठी की थरथरतं बोटही बरोबर पडतं, आणि जेवणाची वेळ लिहायला वेगळी जागा आहे हे तर मस्तच, कारण जास्त प्रोटीनचं जेवण आणि लेव्होडोपा (कंपवाताची मुख्य गोळी) एकाच वेळी पोटात गेलं की गोळी नीट लागू पडत नाही. थरथर, ताठरपणा, चालणं सगळं तासातासाला भरता येतं.

मूड मात्र दिवसातून एकदा. पाच चेहरे, त्यातला एक निवडा, झालं. अहो, ह्या आजारात चेहऱ्याचे हावभावच कमी होतात, माणूस मजेत असला तरी चेहरा कोरा दिसतो! मी पहिले दोन आठवडे बाबांच्या तोंडाकडे बघून रडका चेहरा भरत होतो, एकदा सहज विचारलं तर म्हणाले "मला काय धाड भरलीय, मॅच बघतोय". आणि ज्या दिवशी मी नॉर्मल भरलं त्या रात्री आईला म्हणाले की सकाळपासून आत नुसती धास्ती वाटतेय, कशातच जीव नाही.

मग मी मूड नोट्समध्ये वेळ टाकून लिहायला लागलो, आणि तिथे खरी गंमत कळली. गोळी 8 ला आणि 12 ला, आणि घालमेल बरोबर सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे गोळीचा असर उतरायला लागला की हातापायासारखं मनही खाली येतंय. पण ॲपच्या रिपोर्टमध्ये गोळ्यांचा ग्राफ पहिल्या पानावर आणि चेहरे तिसऱ्या पानावर, दोन्ही एकाखाली एक येतच नाहीत. शेवटी कागदावर पेनाने काढून न्यूरोलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी गोळ्यांमधलं अंतर कमी केलं, घालमेल बरीच कमी झाली, उरलेल्या उदासीसाठी वेगळं औषध दिलं (रासाजिलिन ही कंपवाताचीच दुसरी गोळी चालू असेल तर डिप्रेशनच्या काही गोळ्या जपून द्याव्या लागतात, म्हणून जुन्या गोळ्यांची यादी आधी दाखवा).

त्यांच्याकडूनच कळलं की हे नुसतं "आजारामुळे वाईट वाटतंय" असं नसतं, हालचाल सांभाळणाऱ्या डोपामिनसोबत मूडशी संबंध असलेल्या सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ह्या रसायनांची गडबडही मेंदूत असते, आणि काहींना डिप्रेशन थरथरीच्या कित्येक वर्षं आधी येतं. बाबा हात थरथरायच्या आधी दोनेक वर्षं गप्प गप्प असायचे, आम्ही रिटायरमेंटवर ढकललं होतं. तेच होतं की नाही, आता कोण सांगणार.

जेम्स पार्किन्सन ह्या इंग्लिश डॉक्टरने 1817 साली ह्या आजारावर लिहिलं तेव्हा व्याख्येत थरथर, वाकणं, चालणं हेच होतं, ॲपवाले अजून तिथेच आहेत बहुतेक. उदास वाटणं आणि काही करायची इच्छाच न होणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरीला तर ह्यात चेहराच नाही.

5 पैकी 3 स्टार, त्यातला एक अलार्मचा. घेणार असाल तर चेहरा बघून भरू नका, विचारून भरा, आणि गोळीच्या आधी एकदा न् तासाभराने एकदा असं नोट्समध्येच लिहा.