दीडशे डॉलरची सही

२०२२च्या हॅलोवीनला मी कॅलिफोर्नियात एका सीझनल इव्हेंटवर, खाण्याच्या स्टॉलला लागले. एच-४वरचं, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या बायकोचं, वर्क परमिट नुकतंच हातात आलेलं, त्यामुळे पहिल्या पगाराचं कोण कौतुक! २६ शिफ्टा, संध्याकाळी ५ ते रात्री १२, तासाला १७ डॉलर.

पण ५ला पंच करायचं, म्हणजे हजेरी लावायची, तर ४:२०ला लांबच्या पार्किंगमध्ये हजर राहायचं. आपली गाडी गेटपर्यंत न्यायला बंदी, कंपनीच्याच बसने जायचं. मग बॅग तपासायची रांग, मग ड्रेसची रांग, आणि त्यानंतर पंचिंगचं मशीन. रोजची ४० मिनिटं धर्मखाती. जेवणाचा अर्धा तास कॉम्प्युटर आपोआप कापायचा. मी मात्र तळणीशेजारी उभी राहून डब्यातली पोळीभाजी कशीबशी कोंबायचे. समोर गिऱ्हाइकांची ही रांग, कोण सोडणार?

२०२४मध्ये कंपनीचं पाकीट आलं. १५० डॉलरचा चेक आणि दोन पानी कागद. पाठोपाठ जुन्या सुपरवायझरचा फोन, अगदी लाघवी: "पगाराचं जरा ॲडजस्टमेंट आहे, सही करून पाठव." आमच्यातल्याच कुणी सगळ्यांच्या वतीने क्लास ॲक्शन दावा लावलाय, हे ती बोललीच नाही.

दुसऱ्या पानावर 'रिलीज' होता, म्हणजे त्या सीझनच्या पगाराबद्दलचे सगळे दावे सोडले. मी वाचलं नाही असं नाही. वाचलं, पोटात गोळा आला, आणि तरी सही केली. एच-४वाल्यांना सांगायला नको: कंपनीशी वाकडं घेतलं आणि नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या फाइलीला काही झालं तर? नवरा म्हणाला, "घे ना, फुकटचे आहेत." फुकटचे कुठले, माझेच होते. व्हिसाचा धाक दाखवून कामगाराला गप्प बसवणं कॅलिफोर्नियात बेकायदा आहे, हे मला नंतर कळलं. मला तर कुणी धाक दाखवलाही नव्हता, माझा मीच घेतला.

शेजारच्या काउंटरवरच्या फिलिपिनो ताईंनी तोच कागद केराच्या टोपलीत टाकला होता. पुढे दाव्यात तडजोड झाली. वकिलांची फी वगैरे वजा जाऊन त्यांना ९४० डॉलर आले, तेही घरबसल्या. अशा तडजोडीत नाव काढून घेतलं नाही तर आपण आपोआप आत असतो, कुणाला पैसे भरावे लागत नाहीत. तडजोडीचे पैसे वाटणाऱ्या ऑफिसात मी फोन केला तर पलीकडची मुलगी यादी बघून म्हणाली, "तुम्ही वेगळी सही केलीय, तुम्ही यात नाही."

त्या रात्री हिशोब मांडला. ४० मिनिटं गुणिले २६, म्हणजे १७ तास २० मिनिटं, जवळपास २९५ डॉलर. सक्तीच्या बसचा वेळ कामाचाच, असं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्येच सांगितलंय, आणि बॅगतपासणीचं २०२०मध्ये, ॲपलच्या दुकानांच्या खटल्यात. (टेक्ससच्या मैत्रिणींनो, बॅगतपासणीचं तुम्हाला लागू नाही, फेडरल कायद्याचा २०१४चा निकाल नेमका उलटा आहे.) ५ तासांहून जास्त काम आणि जेवणाची सुट्टी नाही, तर त्या दिवसाचा एक तासाचा पगार जादा: ४४२ डॉलर. नोकरी संपताना जाणूनबुजून पगार थकवला तर ३० दिवसांपर्यंतच्या पगाराचा दंड वेगळा: ३५७० डॉलर. हे सगळं पदरात पडतंच असं नाही, तडजोडीत बरंच झडतं. पण १५०?

असा कागद आला तर आधी लेबर कमिशनरच्या, म्हणजे पगाराच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी ऑफिसात विचारा. तिथे व्हिसा विचारत नाहीत, दावा लावायला पैसे पडत नाहीत, वकीलही लागत नाही. मात्र थकलेल्या पगाराला साधारण ३ वर्षांची मुदत असते. आणि घर बदललंत तर तडजोडीचे पैसे वाटणाऱ्यांना पत्ता कळवा, सेटलमेंटचे चेक बहुधा सहा महिन्यांत बाद होतात.

ताईंनी स्वयंपाकघरातल्या चर्चच्या कॅलेंडरवर रोजची पार्किंगची वेळ पेन्सिलीने लिहून ठेवली होती. माझ्याकडे फक्त त्या चेकचा फोटो आहे. आईला व्हॉट्सॲपवर पाठवला होता, "बघ, बोनस मिळाला" म्हणून.