'ब्रायन अँड चार्ल्स' की 'द बॅलड ऑफ वॉलिस आयलंड': आधी कोणता बघावा?

छोट्या बजेटचा, हसवणारा, चारचौघांत न मिसळणाऱ्या माणसांचा ब्रिटिश सिनेमा शोधायला गेलं की हल्ली ही दोन नावं हमखास पुढे येतात. दोन्ही आधी लघुपट होते. 'ब्रायन अँड चार्ल्स' २०१७ च्या लघुपटावरून २०२२ मध्ये आला, तर 'वॉलिस आयलंड' २००७ च्या लघुपटावरून थेट २०२५ मध्ये. दोन्हींत लिहिणारी जोडीच पडद्यावर आहे: तिकडे डेव्हिड अर्ल आणि ख्रिस हेवर्ड, इकडे टॉम बेस्डन आणि टिम की. दोन्हींचं चित्रीकरण वेल्समध्ये झालंय. इतकंच काय, दोन्हींत एक चार्ल्स आहे! एकातला रोबो, दुसऱ्यातला लॉटरी लागलेला विधुर.

तरीही माझा कौल एका बाजूला झुकतो, आणि तो झुकवला कॅमेऱ्याने.

'ब्रायन अँड चार्ल्स'ची सुरुवात माहितीपटाच्या थाटात होते. ब्रायन कॅमेऱ्याकडे बघून बोलतो, आपल्या वर्कशॉपमधले बिनकामाचे शोध एकेक करून दाखवतो. हा भाग फार गोड आहे. मग तो वॉशिंग मशीन आणि पुतळ्याचं डोकं जोडून चार्ल्स घडवतो, आणि तिथून सिनेमा साध्या कथापटासारखा चालायला लागतो. चित्रीकरण करणारी मंडळी आहेत की गेली, हे धड कळत नाही. ब्रायन आणि त्याला आवडणारी हेझल लाजत-बुजत बोलतात तेव्हा कॅमेरा दोघांच्या मधे, कधी याच्या खांद्यावरून, कधी तिच्या. त्या वेळी तो तिथे कुणी धरलाय? गावगुंड एडी दमदाटी करतो, चार्ल्सवर डोळा ठेवतो, तेव्हा हे लोक काय करत होते? एवढा मग्रूर माणूस त्यांना साधं 'कॅमेरा बंद करा' असंही म्हणत नाही.

तांत्रिक खोड म्हणून ही सोडून देता आली असती. पण इथे ती थेट विषयालाच बाधते. ब्रायन इतका एकटा आहे की बोलायला त्याला यंत्रमानव बनवावा लागतो, हा सिनेमाचा पाया. आणि त्याच ब्रायनच्या घरात पहिल्या दृश्यापासून माणसं उभी आहेत! एकदा हे लक्षात आलं की मग सारखं खुपत राहतं. कुणाला खुपणार नाहीही. चार्ल्सवर जीव जडला की बऱ्याच गोष्टी माफ होतात, आणि तो जडतोच. सात फुटी धूड, चौकोनी पोट, त्यावर शर्टाची बटणं, कोबीचं वेड, होनोलुलूला जायचा हट्ट. पहिल्यांदा तो लहान मुलासारखा, मग बघता बघता उद्धट पोरगा होतो. ब्रायनचा चेहरा त्या वेळी खऱ्या बापाचा वाटतो. हेझलच्या भूमिकेत 'शेरलॉक'मधली लुईस ब्रीली आहे आणि ती कुठेही जास्तीचं करत नाही.

'वॉलिस आयलंड'ची अडचण वेगळी, आणि ती आपल्याला जास्त जाणवेल. यातला चार्ल्स कोटीबाज आहे. एका आडबाजूच्या बेटावर तो आवडत्या लोकगायकाला भरपूर पैसे देऊन गाण्यासाठी बोलावतो. गायक हर्ब बोटीतून उतरताना पाण्यात पडतो, भिजून चिंब होतो, आणि यजमान लगेच अभिनेत्री जूडी डेंचच्या नावावर कोटी करतो (इंग्रजीत 'ड्रेंच्ड' म्हणजे चिंब भिजलेला). पहिला अर्धा तास हे असंच चालतं. निम्म्या कोट्या इंग्रजी नावांवर असल्याने कानावरून जातात. इंग्रजी सबटायटल लावाच. वाचल्यावर त्यातल्या बऱ्याच पकडता येतात. त्या टप्प्यावर बंद करायची इच्छा झाली तर दम धरा.

कारण त्या बडबडीला अर्थ आहे. हर्बच्या मैफलीला श्रोता एकच, चार्ल्स स्वतः. आणि हर्बची जुनी सहगायिका व प्रेयसी नेल हिलाही त्याने हर्बला न सांगता बोलावून ठेवलंय, तेही तिच्या नवऱ्यासकट. हळूहळू उलगडतं की ही गाणी चार्ल्सच्या गेलेल्या बायकोची लाडकी. मग चार्ल्स झालेल्या टिम कीच्या प्रत्येक फालतू विनोदानंतरची ती क्षणभराची थांबलेली नजर दिसू लागते. इथे कॅमेरा नुसता बाजूला उभा राहतो. माणूस बोलायचा थांबला की सिनेमाही थांबतो. हर्ब आणि नेल स्वयंपाकघरात जुनी गाणी पुन्हा जुळवतात तेव्हा जुन्या नात्याबद्दल संवादांपेक्षा आवाजच जास्त सांगतात. गाणी बेस्डनची स्वतःची आहेत, आणि ती खरोखर चांगली नसती तर हा सगळा डोलारा कोसळला असता. नेल झालेल्या केरी मलिगनच्या नावावर बघायला बसाल तर मात्र ती अपेक्षेपेक्षा कमी वेळ आहे.

घरात दहा-अकरा वर्षांची मुलं सोबत असतील तर निःसंकोच 'ब्रायन अँड चार्ल्स' लावा. दीड तासाचा आहे, रोबोपायी मुलं हलणार नाहीत. फक्त एडीच्या घरची शेकोटी आणि चार्ल्सचे हाल हा भाग लहानग्यांना जड जाऊ शकतो, जवळ बसा. मोठ्यांनीच बघायचं असेल, आणि त्यातही कुणी जुनं प्रेम किंवा जुना मित्र मनात धरून असेल, तर मी 'वॉलिस आयलंड'च सुचवेन. तो फोनवर बघू नका. गिटार आणि दोन आवाज इतके हलके आहेत की बारक्या स्पीकरवर चपटे होतात, हेडफोन तरी लावा.

दोन्ही बघणार असाल तर ब्रायन आधी. उलट क्रमाने गेलात तर त्या कॅमेऱ्याची खोट पहिल्या वीस मिनिटांतच डोळ्यांवर येईल, आणि रोबो चार्ल्सवर तो अन्याय होईल.