डीएम की अमेरिकेतील फेलोशिप? रक्तविकार आणि कर्करोगचिकित्सेकडे वळणाऱ्या ठाणे-नवी मुंबईच्या डॉक्टरांसाठी

कळव्याचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय, नेरूळची डी. वाय. पाटील आणि तेरणा, कामोठ्याचे एमजीएम अशी महाविद्यालये आपल्याच टापूत असल्यामुळे येथून दरवर्षी एमबीबीएस आणि एमडी झालेले तरुण डॉक्टर बाहेर पडतात. त्यांपैकी ज्यांना रक्तविकार किंवा कर्करोगाच्या औषधोपचारात पुढे शिकायचे असते, त्यांच्यासमोर मुख्यतः दोन वाटा असतात: नीट-एसएस ही देशपातळीवरची सुपर-स्पेशालिटी प्रवेशपरीक्षा देऊन भारतात डीएम किंवा डीआरएनबी ही एमडीनंतरची अर्हता मिळवणे, अथवा अमेरिकेत जाऊन हिमॅटॉलॉजी-ऑन्कॉलॉजीची, म्हणजे रक्तविकार व कर्करोगचिकित्सेची, फेलोशिप मिळवणे. या वाटांची तुलना बहुधा पगार आणि प्रतिष्ठा यांच्या आधारे केली जाते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: निवड करणारी व्यवस्था उमेदवारातले नेमके काय पाहते आणि ते आज आपल्यापाशी आहे का?

भारतातील निवड

नीट-एसएस ही परीक्षा २०१७ पासून घेतली जाते आणि तिच्या गुणवत्ता यादीवरून एमसीसी या केंद्रीय वैद्यकीय प्रवेश समितीच्या काउन्सेलिंगमध्ये जागा मिळते. २०२२ पासून सगळे प्रश्न उमेदवाराच्या मूळ पदव्युत्तर विषयगटातून येऊ लागले, त्यामुळे मेडिसिनचा एमडी एकाच रँकवर कार्डिओलॉजी, गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी, मेडिकल ऑन्कॉलॉजी आणि क्लिनिकल हिमॅटॉलॉजी या सर्वांचा विचार करू शकतो. याचा अर्थ असा की, कर्करोगाच्या रुग्णांसाठी आयुष्य द्यायचे आहे की नाही, हे परीक्षा कोठेही विचारत नाही. तुमची शिफारसपत्रे कोणी वाचत नाही, तुमचा शोधनिबंध कोणी उघडत नाही आणि मुलाखतही होत नाही. ज्याच्या वशिल्याला कोणी नाही अशा विद्यार्थ्यासाठी ही फार मोठी न्यायाची गोष्ट आहे, आणि ती मी मनापासून मोलाची मानतो. तिची दुसरी बाजू अशी की, वॉर्डात उत्तम काम करणारा पण निगेटिव्ह मार्किंगच्या परीक्षेत अडखळणारा डॉक्टर आपली बाजू कोठेच मांडू शकत नाही.

वेळापत्रकाची अनिश्चितता हाही खरा त्रास आहे. २०२४ ची नीट-एसएस प्रत्यक्षात मार्च २०२५ च्या अखेरीस झाली. सीनियर रेसिडेन्सीची नोकरी, लग्न, घराचे हप्ते यांची आखणी करणाऱ्याने ही शक्यता गृहीतच धरावी. एम्स, चंदीगडची पीजीआय, पुद्दुचेरीची जिपमेर या संस्थांसाठी आयएनआय-एसएस ही वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि तिच्यात संगणकीय चाचणीनंतर विभागाकडूनही मूल्यमापन होते. लेखी परीक्षेपेक्षा रुग्णाशेजारी अधिक खुलणाऱ्या उमेदवाराने ती टाळू नये.

मेडिकल ऑन्कॉलॉजी आणि क्लिनिकल हिमॅटॉलॉजी यांतली निवड भारतात प्रवेशाच्या वेळीच करावी लागते, आणि या निवडीचा पुरेसा विचार झालेला मला क्वचितच दिसतो. ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा दोन्ही विभागांत पाहिले जातात, पण स्तन, फुप्फुस आणि मुखाचा कर्करोग हा ऑन्कॉलॉजीचा रोजचा व्यवहार आहे, तर थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आणि अप्लास्टिक अॅनिमिया हे हिमॅटॉलॉजीचे. आपल्या भागापुरते बोलायचे तर सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक अधिक असल्याने उल्हासनगर परिसरात या आजाराचे काम मोठे आहे, आणि पालघरच्या आदिवासी भागात सिकलसेलचे. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाल्यावर तपासणीचे प्रमाण वाढले, परंतु तपासणीत सापडलेल्या मुलाला वर्षानुवर्षे सांभाळणारा हिमॅटॉलॉजिस्ट जिल्ह्यात असावा लागतो. ऑन्कॉलॉजीत रुग्ण अधिक मिळतात म्हणून तिकडे वळण्यापूर्वी हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आणावे. पॅथॉलॉजीच्या एमडीलाही क्लिनिकल हिमॅटॉलॉजीचा मार्ग खुला आहे, ही बाब अनेकांच्या लक्षातच येत नाही.

अमेरिकेतील निवड

अमेरिकेत हे दोन विषय बहुतेक ठिकाणी एकत्र शिकवले जातात आणि संयुक्त फेलोशिप तीन वर्षांची असते. तिच्यापूर्वी इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षण, तिथेच पूर्ण करावी लागते, आणि निर्णयाचा सगळा तोल या एका अटीवर आहे. नुकतीच इंटर्नशिप संपवलेल्या डॉक्टरला भारतात एमडी व डीएम मिळून सहा वर्षे लागतात आणि अमेरिकेतही रेसिडेन्सी व फेलोशिप मिळून सहाच. एमडी झालेल्याचे गणित मात्र पार बदलते: भारतात त्याला तीन वर्षे उरलेली असतात, तर अमेरिकेत रेसिडेन्सी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते आणि तिच्या आधी यूएसएमएलई या तेथील वैद्यकीय परवान्याच्या परीक्षा व परदेशी पदवीधरांना लागणारे ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र यांत साधारण दीड-दोन वर्षे जातात. अमेरिकी रेसिडेन्सीशिवाय थेट फेलोशिपमध्ये घेतल्याची उदाहरणे आहेत, पण विशेषज्ञ म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या तेथील बोर्डाची परीक्षा देण्याचा मार्ग त्यातून सहसा मोकळा होत नाही, म्हणून त्या आशेवर बेत आखू नये.

रेसिडेन्सी सुरू झाल्यावरही हातात दिसते तेवढा वेळ नसतो. फेलोशिपचे अर्ज तिसऱ्या वर्षाच्या आरंभी, जुलैमध्ये, ईरास या ऑनलाइन अर्जप्रणालीतून जातात, मुलाखती मुख्यतः ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात होतात, नोव्हेंबरमध्ये पसंतीक्रम नोंदवला जातो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला मॅचचा, म्हणजे उमेदवार आणि कार्यक्रम यांचे पसंतीक्रम जुळवून होणाऱ्या जागावाटपाचा, निकाल लागतो. संशोधन, परिषदेतील सादरीकरण आणि आपल्याला जवळून ओळखणारे मार्गदर्शक हे सारे पहिल्या दोन वर्षांतच जमवावे लागते. प्रत्येक कार्यक्रमाला जास्तीत जास्त चार शिफारसपत्रे पाठवता येतात, त्यांत रेसिडेन्सीच्या संचालकांचे पत्र धरलेले असते. मोठ्या नावाच्या प्राध्यापकाच्या चार सर्वसाधारण ओळींपेक्षा, ज्यांच्यासोबत तुम्ही महिनोन्महिने रुग्ण पाहिले त्यांनी एका प्रसंगासह लिहिलेले पत्र कितीतरी अधिक काम करते. यूएसएमएलईची पहिली पायरी जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण झाल्यामुळे तर गुणांच्या बळावर नजरेत भरण्याची संधी आणखी कमी झाली आहे.

पसंतीक्रमाविषयी दोन्हीकडे एकच चूक होते. मॅचचे गणित उमेदवाराच्या बाजूने चालते: तो ज्या क्रमाने नावे लिहितो त्याच क्रमाने त्याला जागा देण्याचा प्रयत्न होतो, आणि वर लिहिलेली अवघड जागा मिळाली नाही म्हणून खालच्या जागेवरचा हक्क कमी होत नाही. तेव्हा आपल्याला कोण घेईल याचा अंदाज बांधून क्रम लावण्यात काहीही हशील नाही. एमसीसीच्या चॉइस फिलिंगमध्येही मनातला खरा क्रमच लिहावा. फरक एवढाच की, तेथे फेऱ्या असतात आणि स्वीकारलेली जागा सोडण्याचे दंड व निर्बंध असतात, म्हणून जिथे जायचेच नाही ते नाव यादीत घालू नये. संस्थेचे व राज्याचे बंधपत्र प्रवेशाआधी पूर्ण वाचावे.

मुलाखत

मुलाखतीचे वजन अमेरिकेत फार मोठे आहे. साधारणपणे संचालक आणि काही प्राध्यापक प्रत्येकी वीस-तीस मिनिटे बोलतात आणि सध्याच्या फेलोंशी वेगळी भेट होते. २०२० पासून बहुतेक मुलाखती ऑनलाइन होतात. ठाण्यात बसून आधीच्या टप्प्यावरची, म्हणजे रेसिडेन्सीची, मुलाखत देणाऱ्याने वेळेचे एक भान ठेवावे: न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे ऑक्टोबरमध्ये आपले संध्याकाळचे साडेसहा आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर साडेसात.

तयारी अर्जातूनच सुरू होते. अर्जात लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो, आणि शोधनिबंधात नाव असेल तर तुमचा स्वतःचा वाटा कोणता, माहिती कोणी गोळा केली, निष्कर्ष कोठे कच्चा आहे, हे विचारले जाते. ज्या निबंधाविषयी पाच मिनिटे बोलता येत नाही तो अर्जात नसलेला बरा. ‘हीच शाखा का?’ या प्रश्नावर बरेच उमेदवार घरातील कोणाच्या तरी आजाराची हकिगत सांगतात. ती खरी असेल तर सांगावीच, पण तिच्यापुढे जाऊन, डॉक्टर झाल्यावर या रुग्णांसोबत काम करताना तुम्हाला काय धरून ठेवते, हेही सांगता आले पाहिजे.

आपल्याकडच्या उमेदवाराला एका प्रश्नाची विशेष तयारी करावी लागते. ‘डॉक्टर, बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका’ अशी विनंती ठाण्यातल्या कोणत्याही वॉर्डात नेहमी ऐकू येते, आणि अमेरिकेत रुग्णाचा जाणून घेण्याचा हक्क सर्वांत वर मानला जातो. अशा प्रसंगी काय कराल, असे विचारल्यावर आपल्या पद्धतीला मागासलेली म्हणून मोकळे होणारे उत्तरही उथळ असते आणि तिचे सरसकट समर्थन करणारेही. आधी रुग्णालाच एकांतात, त्याला किती आणि कोणासमोर जाणून घ्यायला आवडेल, हे विचारणे, मुलांच्या भीतीमागचे प्रेम ओळखून त्यांना त्या संभाषणात बसवणे, आणि रुग्णाने थेट विचारले तर खोटे न बोलणे, असा क्रम ज्याने प्रत्यक्षात वापरला आहे त्याचे उत्तर ऐकणाऱ्याला तत्काळ वेगळे जाणवते. ही तयारी पुस्तकातून होत नाही. ती आजच्या ओपीडीत होते, आणि भारतात राहिलात तरी वाया जात नाही.

भारतातील विभागीय मूल्यमापनाचा सूर निराळा असतो. तेथे स्वभावापेक्षा हाताची आणि नजरेची परीक्षा अधिक: रुग्णाची मांडणी, रक्ताचा स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थर), बोनमॅरोची स्लाइड, तापासह न्यूट्रोपेनिया (पांढऱ्या पेशींची घट) झालेल्या रुग्णाचे पहिल्या तासातील निर्णय. रोजच्या कामात स्वतः स्मिअर पाहण्याची सवय नसेल तर ती लगेच लावून घ्यावी.

संशोधन, पैसा आणि परतीचा प्रश्न

चांगले संशोधन करायचे तर अमेरिकाच, हे मत आता जसेच्या तसे टिकत नाही. रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगावर सोडणाऱ्या, देशात विकसित झालेल्या पहिल्या कार-टी उपचाराचा पहिला रुग्ण जून २०२१ मध्ये आपल्या खारघरच्या अॅक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेतच उपचार घेत होता. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून उभ्या राहिलेल्या या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. डोक्याच्या व मानेच्या कर्करोगात निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची केवळ २० मिलिग्रॅमची मात्रा उपयोगी पडते का, ही चाचणी टाटा रुग्णालयाने केली, कारण पूर्ण मात्रा आपल्या बहुसंख्य रुग्णांना परवडतच नाही. असे प्रश्न येथेच सुचतात. तरीही संशोधनासाठी राखून ठेवलेला वेळ ही अमेरिकेची खरी जमेची बाजू आहे: तीन वर्षांच्या संयुक्त फेलोशिपमध्ये बोर्डासाठी किमान १८ महिने रुग्णसेवा लागते आणि उरलेला मोठा भाग विद्यापीठांतील कार्यक्रम प्रयोगशाळेला किंवा चाचण्यांना देऊ शकतात. डीएमच्या विद्यार्थ्याला रुग्णसंख्येतून एवढा वेळ काढणे जड जाते. त्या गर्दीतून हाताला जो अनुभव मिळतो तो मात्र अमेरिकेत त्या वेगाने मिळत नाही.

खर्चाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. परीक्षा, ऑब्झर्व्हरशिप (तेथील रुग्णालयात निरीक्षक म्हणून घालवलेला काळ), प्रवास आणि अर्ज यांचा अमेरिकेचा आरंभीचा खर्च घरातून येतो किंवा कर्जातून, आणि तो झाल्यावरही जागेची हमी नसते. व्हिसाकडे अधिक लक्ष द्यावे. बहुतेक परदेशी डॉक्टर जे-वन या शिक्षण-विनिमयाच्या व्हिसावर शिकतात. त्यासाठी भारताच्या आरोग्य मंत्रालयाचे पत्र लागते, आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते किंवा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात नोकरी करून सूट मिळवावी लागते. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी यूएसएमएलईची तिसरी पायरी आधीच उत्तीर्ण असावी लागते, आणि सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरचे शुल्क आल्यापासून त्या व्हिसाच्या भरवशावर आखणी करणे मला शहाणपणाचे वाटत नाही. ज्याला परत येऊन ठाणे किंवा खारघरमध्येच काम करायचे आहे, त्याला जे-वनची दोन वर्षांची अट मुळीच जाचक नाही, आणि अमेरिकेतील पदव्युत्तर अर्हता भारतात मान्य असल्याने परतीचा मार्गही बंद होत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. एमडी पूर्ण झाले असेल, घरची जबाबदारी असेल आणि पुढे याच भागात रुग्णसेवा करायची असेल, तर नीट-एसएस आणि आयएनआय-एसएस यांवर सर्व शक्ती लावावी, आणि पहिल्या प्रयत्नात हवी ती शाखा मिळाली नाही तरी दुसऱ्या प्रयत्नाची तयारी मनात ठेवावी. इंटर्नशिपमध्ये असाल, संशोधनाची ओढ खरी असेल आणि सहा-आठ वर्षे घरापासून दूर राहण्याला घरच्यांचीही संमती असेल, तर अमेरिकेचा विचार आत्ताच करावा, एमडीनंतर नव्हे.

ब्रिटनची वाट वेगळ्या स्वभावाच्या डॉक्टरसाठी आहे. तेथे हिमॅटॉलॉजिस्ट रुग्णही पाहतो आणि प्रयोगशाळाही सांभाळतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकावर प्रेम असलेल्या फिजिशियनला ती आवडेल. एमआरसीपी ही तेथील फिजिशियनची परीक्षा आणि त्यानंतरचे सुमारे पाच वर्षांचे विशेष प्रशिक्षण हा तिचा क्रम आहे. परदेशी डॉक्टरांना ठरावीक काळ प्रशिक्षण देणाऱ्या एमटीआयसारख्या योजनेतून कमाल दोन वर्षे जाऊन येणे हा डीएमनंतरचा चांगला पर्याय ठरतो, डीएमऐवजीचा मात्र नाही.

हीच काळजी येथील रुग्णालयांत आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या मान्यतेने चालणाऱ्या वर्ष-दोन वर्षांच्या फेलोशिपविषयी घ्यावी. बोनमॅरो प्रत्यारोपणासारख्या एखाद्या कौशल्यासाठी त्या उत्तम असतात आणि त्यांची निवड बहुधा मुलाखतीतूनच होते. पण प्रवेश घेण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: या अर्हतेची अतिरिक्त अर्हता म्हणून महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंद होते का, आणि प्रशिक्षणाच्या काळात केमोथेरपी व प्रत्यारोपणाचे निर्णय तुम्ही स्वतः देखरेखीखाली घेणार आहात की केवळ वॉर्डातील नोंदी सांभाळणार आहात. त्याच विभागात सध्या शिकत असलेल्या फेलोला भेटल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुरे मानू नये.